चारच्या कीर्तनाला जयगडहून

बुवांचा पेटीवाला यंदा हात मोडून घरी बसला, म्हणून माघी उत्सवाच्या कीर्तनाला पेटीवर मी बसायचं ठरलं. बावीस वर्षं मी बुवांच्या समोर पहिल्या ओळीत बसून ऐकतोय. त्यांची गाण्याची पट्टी काळी दोन. ते पूर्वरंगात श्वास कुठे घेतात तेसुद्धा मला पाठ. महिनाभर रोज पहाटे पेटी काढून बसलो. बायको, बकुळा, म्हणाली, "लग्नाच्या वेळीसुद्धा इतकी तयारी केली नव्हती तुम्ही."

कीर्तन दुपारी चारला, आमच्या मिऱ्याच्या देवळात. आणि नेमकं त्याच सकाळी ऋतिकाला तिची शिडाची बोट जयगडहून मिऱ्याला आणायची होती. ऋतिका माझी पुतणी. भाऊ गेल्यावर तिचं सगळं मीच बघतो, म्हणून ती एकटी समुद्रावर असली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

"आठला निघू, एकला पोचू," ती म्हणाली. "जेवून झोपसुद्धा काढाल, काका."

निघालो. खाडीतून बाहेर पडलो आणि धुरकं दाटलं. माघात पडतं तसं, पांढरं, चिकट. किनारा दिसेना. बोटीवरचा होका, म्हणजे दिशा दाखवणारं जुनं यंत्र, काच फुटून पडलेला. नवा मागवलेला, अजून आला नव्हता.

"होक्याचं काय काम आता?" ऋतिकानं सुकाणूसमोरच्या खाचेत टॅब अडकवला. त्यावर समुद्राचा नकाशा, त्यात एक ठिपका म्हणजे आम्ही, आणि ठिपक्याला बाण म्हणजे आमचं तोंड कुठे ते. आत लॅपटॉपवर पुन्हा तेच.

मी माझा स्पीकर काढला. बुवांची गेल्या पाच वर्षांची कीर्तनं त्यात भरलेली आहेत. चाली पुन्हा कानावरून जाव्यात म्हणून आणलेला. बोट कलली की तो गडगडायचा. शेवटी टॅबच्या शेजारी खाचेत टेकवून टॉवेल कोंबला.

तिथून पुढे जो मनस्ताप सुरू झाला, तो सांगता सोय नाही. बोटाला पाणी लागलं की टॅबला बोट कळेना. प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर आत वाफ धरली. धुरक्यातून उजेड आला तर काचेत माझंच तोंड दिसायला लागलं. मग तो तापला आणि "थंड होऊ द्या" असं लिहून काळा पडला. लॅपटॉप बघायला ऋतिका आत गेली, तर त्याची बॅटरी चार टक्के.

"पंखा घालू काय गो त्याला?" मी म्हटलं.

"काका, तुम्ही गप्प बसा."

टॅब शुद्धीवर आला. बाण सरळ दक्षिणेला, मिऱ्याकडे. पण ठिपका मात्र नकाशावर किनाऱ्यापासून बाहेर बाहेर सरकत होता.

"पाण्याची ओढ आहे," ती म्हणाली आणि सुकाणू थोडं वळवलं.

मला पटेना. सकाळची मतलई म्हणजे जमिनीकडून येणारा वारा. दक्षिणेला चाललो तर ती डाव्या गालावर लागायला हवी. मला लागत होती मानेवर. "तुझं हे डबडं खोटं बोलतंय. आपण बाहेर चाललोय."

"वारा फिरला असेल."

"वाऱ्याला तुझ्यापेक्षा मी जास्त ओळखतो!"

अकरा झाले, बारा झाले. मतलई पडली. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. इंजिनाला तेल होतं ते फक्त धक्क्याला लागण्यापुरतं. धोंडूचा फोन आला. धोंडू आमच्या उत्सवाचा सगळा कारभार बघतो.

"भिवा, कुठं हायस?"

"समुद्रात."

"मेल्या, आज समुद्रात काय करतोस? पेटी मांडून ठेवलीय!"

आवाज तुटला. मी टॅबला, लॅपटॉपला, ते बनवणाऱ्याला, सगळ्यांना बोलून घेतलं. ऋतिका सुकाणू धरून उभी. डोळे भरलेले, पण मी थांबलो नाही. चालू असलेलं कीर्तन संपलं, दुसरं लावावं म्हणून स्पीकर उचलला.

बाण गर्रकन फिरला.

पुन्हा खाचेत ठेवला. बाण परत जागेवर.

मी हळूच विचारलं, "गो, ह्या बाणाला दिशा कशी कळते?"

"आत बारीकसा होकाच असतो, काका."

सात वर्षांचा असताना मी वडलांच्या होड्यात होक्याजवळ कोयता ठेवला होता. त्यांनी कोयता समुद्रात फेकला आणि मला थोबाडीत मारली. होक्याजवळ लोखंड ठेवायचं नाही, हे मी पुढे माझ्या होड्यावर तीस वर्षं खलाशांना सांगत आलो. आणि स्पीकरच्या पोटात अख्खा लोहचुंबक असतो.

मी स्पीकर गुपचूप पिशवीत घालून आत बिछान्याखाली सरकवला. तोवर ऋतिकानं टॅब बंद करून चालू केला होता.

"बघा, आला की ताळ्यावर! आपण केवढे बाहेर आलोय." ती डोळे पुसत हसली. मी "हं" म्हटलं. बस, तेवढंच.

दोनच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुटला आणि आम्हाला घेऊन आला. पण धक्क्याला लागलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. भिजल्या पायांनी देवळात शिरलो. बुवांचं आख्यान रंगात आलेलं, गळ्यात हार, कपाळी बुक्का. पेटी झाकलेली, आणि झाकणावर कुणाचा तरी टॅब ठेवून त्यावर तंबोऱ्याचा सूर लावलेला. चारपासून बुवा त्याच्यावर गात होते.

धोंडू दाराशीच आडवा आला. "आता आलास? आरतीला?"

"धोंडूकाका, त्यांना नका बोलू," ऋतिका मध्ये पडली. "माझ्यामुळे झालं. माझा टॅब बिघडला. काका सकाळपासून सांगत होते, मीच ऐकलं नाही."

समोर देव, बुवा गातायत, आणि ही पोर माझं पाप आपल्या डोक्यावर घेतेय. मला तिथं उभं राहवेना.

"टॅब नाय बिघडला," मी म्हणालो. "मी त्याला चिकटून स्पीकर ठेवला होता. त्यानं बाण फिरला. मला बारा वाजताच कळलं, आणि मी बोललो नाही."

धोंडूनं कपाळाला हात लावला. ऋतिका माझ्याकडे वळली. "दिवसभर शिव्या खाल्ल्या मी," एवढंच म्हणाली आणि बायकांत जाऊन बसली.

तेवढ्यात बुवांची नजर माझ्यावर पडली. गाता गाताच त्यांनी दोन बोटं वर केली. काळी दोन.

मी पेटीशी जाऊन बसलो. आधी तो तंबोरा बंद करायला हवा होता. काचेवर बोट टेकवलं. काही नाही. धोतराला पुसून परत टेकवलं. बुवा ओळ घोळवत थांबलेले, सगळं देऊळ माझ्या खारट बोटाकडे बघतंय, आणि तो ढिम्म हलेना.

ऋतिका उठली. लोकांतून वाट काढत आली, वाकली, एका बोटानं तो बंद केला आणि काखेत मारून घेऊन गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

मी पेटीचा भाता उघडला.