अबोल्याचा पाव

कॅनडात रिचमंड हिलला घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात व्हेरॉनिका आणि हेरॉल्ड तुस्कानो यांचं शेजारच्या लिंडनरबाईंशी बिनसलं. हेरॉल्डनं फावड्यानं ड्राइव्हवे साफ करताना सगळा बर्फ बाईंच्या गुलाबांवर लोटला. पुढे उन्हाळ्यात व्हेरॉनिकानं वसईहून आलेली सुकट भाजली, तर बाईंनी आपल्या खिडक्या अशा आपटून लावल्या की रस्त्याच्या टोकापर्यंत आवाज गेला. त्यानंतर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना कडकडीत अबोला.

आणि सप्टेंबरच्या नऊ तारखेला सकाळी बेल वाजली. दारात बाई. हातात टॉवेलात गुंडाळलेला, परडीएवढा काळसर पाव.

"मी मैत्री करायला आलेले नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या, पाव व्हेरॉनिकाच्या हातात ठेवला आणि चालत्या झाल्या.

व्हेरॉनिकाला काही उमजेना. दोन दिवसांनी टॉवेल परत करायच्या निमित्तानं ती गेली, तेव्हा बाईंनी तिला बसवून सगळं सांगितलं.

त्यांचं माहेर जर्मनीतल्या आल्टेनवीझ नावाच्या गावचं. डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं, शेतीवाडीचं गाव. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सप्टेंबरात, सुगी नुकतीच घरात आलेली असताना, कुणाच्या तरी धुराड्यातून ठिणगी उडाली आणि शेजारच्या गवती छपरावर पडली. वारा सुटला होता. तीन तासांत एकशेचाळीस घरं गेली, चर्च गेलं, धान्याची कोठारं गेली. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी नदीकाठच्या कुरणात बसून राहिली. पलीकडच्या नीडरबाख गावाशी त्यांचं नदीच्या पाण्यावरून चाळीस वर्षांचं हाडवैर. त्याच वर्षी आल्टेनवीझच्या पोरांनी तिथल्या गिरणीवाल्याचा बांध फोडला होता. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना सात गाड्या भरून पाव आले ते नीडरबाखहूनच, आणि पहिली गाडी हाकत होता तोच गिरणीवाला. भांडणाचा शब्द नाही, उपकाराचाही नाही. "लवकर उतरवून घ्या, बैल तहानलेत," एवढंच म्हणाला.

"तेव्हापासून आमच्यात रीत पडली," बाई म्हणाल्या. "आगीच्या दिवशी घरटी एक पाव जास्तीचा भाजायचा आणि ज्याच्याशी अबोला असेल त्याला नेऊन द्यायचा. भांडणाबद्दल बोलायचं नाही. घेणाऱ्यानं नको म्हणायचं नाही."

"बोलायचंच नाही, तर मग भांडण मिटतं कसं?"

"मिटतंच असं कुठे आहे? पण पोट तर भरतं."

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं जमलं ते जमलंच. हेरॉल्ड दोन्ही ड्राइव्हवे साफ करू लागला. सुकट भाजायची असली की व्हेरॉनिका आधी फोन करून सांगायची. एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घराची एक किल्ली तुस्कानोंच्या दाराशी लटकू लागली. सहा वर्षं अशी गेली.

यंदा ऑगस्ट संपता संपता बाई बागेत घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. वय शहाऐंशी. आगीच्या दिवसाला दोन दिवस उरले, तेव्हा त्यांनी व्हेरॉनिकाला बोलावून घेतलं.

"पीठ तू मळ, मी सांगते तसं."

"मळते की. आणि यंदा द्यायचा कुणाला?"

बाई प्लॅस्टरमधल्या हाताकडे बघत राहिल्या. "तीच तर पंचाईत आहे. भांडायला माझं कुणी उरलंच नाही. चर्चचा ऑर्गनवाला गेला. खाटीक गेला. माझी नणंद मार्चमध्ये गेली, आणि तिच्यावर माझी फार भिस्त होती गं."

व्हेरॉनिकाला हसावं की रडावं कळेना.

"तू भांड ना माझ्याशी," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांपुरतं."

व्हेरॉनिकानं मनापासून प्रयत्न केला. "तुमचे गुलाब यंदा अगदीच भिकार आलेत."

"हो ना. कीड लागली."

"तुमची कॉफी म्हणजे नुसतं गढूळ पाणी!"

"डॉक्टरनंच पातळ प्यायला सांगितलंय."

दोघी इतक्या हसल्या की बाईंचं मनगट ठणकायला लागलं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुझं नाही का कुणाशी?"

"माझं? छे! माझं सगळ्यांशी बरं आहे."

सिंकखाली डोकं घालून हेरॉल्ड नळ दुरुस्त करत होता. तिथूनच तो म्हणाला, "सॅन्ड्रा."

व्हेरॉनिकानं त्याच्या बाहेर दिसणाऱ्या पायांकडे अशी नजर टाकली की ती पोचली असती तर दुसरं प्लॅस्टर लागलं असतं.

सॅन्ड्रा तिची पाठची बहीण, तिला 'बाय' म्हणणारी. नवरा नायजेलबरोबर वॉनला राहते, गाडीनं वीस मिनिटांवर. तीन वर्षांपूर्वी सॅन्ड्राच्या मुलीचं, बियांकाचं लग्न झालं, तेव्हा व्हेरॉनिकानं चारशे फुग्या केल्या. फुग्या म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल, टम्म तळलेले गोळे. त्यांच्याशिवाय वसईतलं लग्न लग्न वाटत नाही. दोन दिवस ती कढईपुढे उभी होती. आणि रिसेप्शनला टेबलावर एक म्हणून फुगी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी वॉनला गेली, तर सॅन्ड्राच्या गॅरेजमध्ये, विंटर टायरच्या शेजारी, तिचे सगळे बॉक्स जसेच्या तसे. ती चकार शब्द न बोलता गाडीत बसली. तेव्हापासून बंद म्हणजे बंद.

हे सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "मग झालं तर."

"मी मोठी आहे. मी का नमायचं?"

"नमायला कोण सांगतंय? पाव द्यायचा आणि यायचं."

नऊ तारखेला व्हेरॉनिका पहाटेपासून बाईंच्या स्वयंपाकघरात होती. राय नावाच्या धान्याचं काळसर पीठ हाताला चिकटत होतं, बाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. "अजून मळ. घाबरू नकोस त्याला." पाव ओव्हनमधून निघाला तेव्हा घरभर आंबूस, गोडसर वास पसरला. निघताना बाईही कोट घालून तयार. ओव्हन माझा आहे, म्हणाल्या.

सॅन्ड्राची वेअरहाउसमधली शिफ्ट दुपारची, म्हणजे सकाळी ती घरी असणार. व्हेरॉनिकानं बेल दाबली. तीन वर्षांत सॅन्ड्राचे केस पुढून पांढरे झाले होते. दार उघडून बहिणीला समोर पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"कोण गेलं, बाय?"

आपण दारात दिसलो तर कुणीतरी मेलंच असणार, असं हिला वाटावं?

"कुणी नाही गेलं. पाव आणलाय."

"पाव?"

"नको म्हणायचं नसतं." तिनं पाव सॅन्ड्राच्या हातात कोंबला आणि मागे फिरली. इतक्यात गाडीची काच खाली झाली.

"व्हेरॉनिका, मला वॉशरूमला जायचंय," बाई म्हणाल्या. "आत्ता."

आता रीत कसली नि काय! दोघी बहिणींनी दोन बाजूंनी धरून बाईंना आत नेलं. वॉशरूमचं दार लागलं आणि स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. मध्ये तो पाव.

"बाय, त्या हॉलवाल्यांनी ना…"

"त्याबद्दल बोलायचं नाही. त्यांच्याकडे रीत आहे तशी."

"रीत गेली खड्ड्यात!" सॅन्ड्राचा आवाज चढला. "तीन वर्षं मी एवढंच बोलायचं म्हणून बसलेय! हॉलवाल्यांनी बाहेरचं खाणं आत येऊच दिलं नाही. नायजेल त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिला होता. आणि तू समोर बसलेली, बोटांना भाजल्याचे फोड. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचंस."

"दुसऱ्या दिवशी तू थांबलीस कुठे? चार वेळा फोन केला मी."

फोन आले होते. चारही वेळा व्हेरॉनिका स्क्रीनवरचं नाव बघत बसली होती.

"मी उचलले नाहीत," ती म्हणाली. "राग होता. थोडा अजून आहे."

"असू दे. पण तो घेऊन येत तरी जा."

मग सॅन्ड्रा रडायला लागली, आणि व्हेरॉनिकानं सुरी काढायला ड्रॉवर उघडला. या घरातली सुरी कुठे असते ते तिचा हात विसरला नव्हता.

बाई बाहेर आल्या, दोघींचे डोळे पाहिले. खुर्ची ओढून बसल्या. "जाड काप," म्हणाल्या. तिघींनी बटर लावून अर्धाअधिक पाव संपवला. सॅन्ड्रानं गुपचूप फ्रीजमधलं भुजिंग, म्हणजे पोह्यांत घोळलेलं भाजकं चिकन, काढून गरम केलं. बाईंना ते तिखट लागलं, नाक पुसत पुसत त्यांनी दोनदा घेतलं.

शिफ्टची वेळ झाली तेव्हा सॅन्ड्रा ड्राइव्हवेपर्यंत आली. बाईंचा सीटबेल्ट तिनंच लावला. मग गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली, "मेजर मॅकेन्झीचा रस्ता खणून ठेवलाय. रदरफर्ड रोडनं जा. आणि पोचल्यावर फोन कर."

"वीस मिनिटांवर तर घर," व्हेरॉनिका म्हणाली.

"तरी कर."

व्हेरॉनिका रदरफर्डनं गेली.