चहाचं पाणी उकळेपर्यंत

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, ही पडदे सरकवायची काठी असावी. कुणी म्हणेल, कोळिष्टकं काढायची. तेही काम मी केलं आहे, पण ते पुढे सांगेन. मी पाट्या रंगवणाऱ्या माणसाची हात टेकायची काठी आहे. माझ्या एका टोकाला कापसाचा गोळा आहे आणि त्यावर मऊ चामडं बांधलेलं आहे. रंगारी हा गोळा पाटीच्या कोरड्या कडेवर टेकवतो, माझं दुसरं टोक डाव्या हातात धरतो आणि उजवं मनगट माझ्या अंगावर ठेवून अक्षर काढतो. ओल्या रंगाला हात लागत नाही आणि हात हलतही नाही.

माझा जन्म खुर्च्या बनवणाऱ्याच्या कारखान्यात झाला. एका आरामखुर्चीच्या पाठीसाठी सुताराने नऊ दांड्या कातल्या आणि खुर्चीला आठच लागल्या. उरलेली नववी मी. कारखान्याची पाटी रंगवायला आलेल्या एका तरुण रंगाऱ्याने मला भुशातून उचललं, दोन बोटांवर तोलून पाहिलं आणि विचारलं, "ही घेऊ का?" सुतार म्हणाला, "घे की. जळणातच जाणार होती." अशी मी चुलीच्या तोंडातून रेघकाकांच्या हातात आले.

तेव्हा ते काका नव्हते, पण 'रेघ' हे नाव तेव्हाही होतंच. त्यांनी एका दमात ओढलेली रेघ लोक पट्टी लावून तपासायचे आणि पट्टीच खोटी ठरायची. सव्वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राबले. औषधाचं दुकान, शिंप्याचं दुकान, शाळा, वाचनालय, नावाडी संघ, सगळ्यांच्या कपाळावर आम्ही नावं लिहिली. लोक रस्त्यात थांबून बघत आणि म्हणत, "काय हात आहे!" त्या हाताखाली मी होते, हे कुणाच्या ध्यानात येत नसे. मला त्याचं वाईट वाटत नसे. आधाराचं कामच तसं असतं.

काका-काकूंना एकच मुलगी. ती लहानपणी लंगड्या कोंबड्यांना पट्ट्या बांधायची आणि काका म्हणायचे, "तू जनावरांची डॉक्टर हो. तुझी पाटी मी अशी रंगवीन, की आजारी नसलेली गाढवंसुद्धा आत येतील." मुलगी खरोखरच शिकत गेली आणि डॉक्टर झाली. तिने दवाखान्यासाठी जागा बघितली. उद्घाटन चार महिन्यांनंतरच्या तारखेला ठरलं.

नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही पडलो. एका दुकानाची फरशी नुकतीच धुतलेली होती. शिडीचा पाय सरकला. माझ्या अंगाला एक खोच पडली, एवढंच. काकांचं उजवं मनगट मात्र तीन ठिकाणी मोडलं.

प्लास्टर निघालं, तेव्हा तो हात मला ओळखूच आला नाही. माझ्यावर टेकला, तर वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरत होता. काकांनी त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उद्घाटनाच्या तारखेभोवती लाल गोल काढला. तोही वाकडाच आला. शेजारी त्यांनी यादी लावली. पहिल्या आठवड्यात सरळ रेघा, दुसऱ्यात वळणं, चौथ्यात अक्षरं, सातव्यात पाटी. यादी बघून छाती फुलायची. हात मात्र यादी वाचत नव्हता.

पहिल्याच रविवारी ते सलग सात तास बसले. संध्याकाळी मनगट टम्म सुजलं. हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांना शाळकरी मुलासारखं झापलं. मग बारा दिवस ब्रश बंद. मग मागे पडलो म्हणून पुन्हा सात तास, पुन्हा सूज. दर वेळी तारीख जवळ यायची आणि रेघ लांब जायची.

अखेर तारीख आली. दवाखान्यावर छापील पाटी लागली. तिथे कुणीतरी सहज विचारलं, "लेकीची पाटी तुम्ही नाही का केलीत?" काकांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "वेळ नव्हता हो." काकू घरी येऊन आपल्या बहिणीला फोनवर हे सांगत होत्या, ते मी ऐकलं.

त्या दिवसापासून मी कपाटामागे गेले. धूळ, एक हरवलेला मोजा आणि मी. अधूनमधून मला बाहेर काढत, पण ते खिडकी अडकवायला किंवा पलंगाखालची चप्पल ओढायला. माझ्या मऊ गोळ्याला कोळ्यांची जाळी चिकटली. मित्रांनो, जुनं होण्याचं दुःख नसतं. आपण कशासाठी आहोत हे घरातलीच माणसं विसरतात, त्याचं असतं.

एका सकाळी काकू मला घेऊन छताची कोळिष्टकं काढत होत्या. काका खुर्चीतून एकदम ओरडले, "त्या काठीनं कोळिष्टकं काढू नकोस!"

"मग काय करू? काचेच्या कपाटात ठेवू?"

"हात पूर्वीसारखा झाला की घेईन मी ती."

"आणि हात पूर्वीसारखा कोण करून देणार? शेजारी?"

काकू स्टुलावरून खाली उतरल्या. त्या बेकरीत पीठ मळण्याचं काम करत होत्या. त्यांचे दंड काकांपेक्षा भक्कम होते आणि बोलणंही.

"अहो, बावीस वर्षं मी पीठ मळतेय. अमुक तारखेला जगातला सगळ्यात भारी पाव करीन, असं एकदा तरी म्हटलंय का? सकाळ झाली की हात पिठात. चांगला झाला तर लोक खातात, बिघडला तर आपण खातो."

"पिठाची गोष्ट वेगळी."

"असेल. पण उद्यापासून मी चहाचं आधण ठेवलं, की तुम्ही एक रेघ मारायची. पाणी उकळेपर्यंत. एकच. दुसरी मारलीत, तर चहा मिळणार नाही."

काका हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. काकूंनी कॅलेंडर उतरवलं, माझा गोळा साबणाच्या पाण्याने पुसला आणि मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी, रद्दीच्या गठ्ठ्याजवळ उभं केलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या वर्तमानपत्रावर पहिली रेघ पडली. रेघ कसली, गांडूळच ते. काका त्याच्याकडे बघत राहिले. काकूंनी चहा गाळता गाळता, मान न वळवता विचारलं, "झाली?"

"झाली, पण..."

"झाली ना? साखर घ्या."

कशी झाली, हे काकूंनी कधीही विचारलं नाही. रोज तोच प्रश्न, "झाली?" आणि रोज तेच उत्तर, "झाली." मधे काकांना ताप आला आणि चार दिवस रेघ चुकली. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "मोडलंच आता सगळं." काकू म्हणाल्या, "चार दिवस जेवला नाहीत, म्हणून पाचव्या दिवशीही उपाशी राहणार का?" त्या दिवशी आधण जरा लवकरच उकळलं, पण रेघ झाली.

मला मात्र कळत होतं. त्या मनगटाचा भार माझ्याएवढा कुणाला ठाऊक? रोज काहीच बदलत नव्हतं. पण हिवाळा सरता सरता जाणवलं, की हात आता माझ्यावर कोसळत नाही, टेकतो. रेघेला वळण मिळालं, वळणाला अक्षर. पाणी तेवढंच उकळत होतं.

रेघा मारलेली रद्दी काकू लेकीकडे पाठवत. दवाखान्यातल्या पिंजऱ्यांत ती अंथरायला लागे. एका दुपारी मुलगी तसाच एक कागद हातात घेऊन घरी आली.

"बाबा, हे काय आहे? सहा महिने मी कुत्र्यांखाली हे अंथरतेय. आधी वाटलं, छापखान्याची चूक असेल. मग बघते तर रेघ सरळ होत चाललीय!"

"का? तुझ्या कुत्र्यांची काही तक्रार आहे?"

मुलगी हसता हसता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला पिंजऱ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या हव्यात. माझं अक्षर वाचून मदतनीस बाईंनी काल मांजरापुढे पोपटाचे दाणे ठेवले."

"हात अजून थरथरतो गं."

"पेशंटना वाचता येत नाही, बाबा."

असे आम्ही पुन्हा कामाला लागलो. दवाखान्याच्या कोपऱ्यात तिरकी फळी, तळहाताएवढे पुठ्ठे. दिवसाला एक, फार तर दोन. 'कर्नल' नावाचा कोंबडा, 'वकील' नावाचा पोपट, 'मास्तर' नावाचं कासव. काका प्रत्येक नाव असं लिहीत, जणू ते मोठ्या पेढीवर लागणार आहे.

एकदा टपाल वाटणाऱ्या बाईंनी त्यांचा म्हातारा कुत्रा आणला. चौदा वर्षांचा ढब्बू. काकांनी त्याचं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षरापाशी हात जरा हलला, पण तेवढ्यात पुढचा पेशंट आला आणि पुठ्ठा तसाच लागला. तिसऱ्या दिवशी ढब्बू गेला. मुलीने हात टेकले होते. वयच झालं होतं.

बाई बराच वेळ रिकाम्या पिंजऱ्यापाशी बसून होत्या. मग त्यांनी नावाचा पुठ्ठा काढून घेतला.

"हा मी नेऊ का?"

काका लगबगीने उठले. "थांबा, शेवटचं अक्षर हललंय. दुसरा करून देतो."

"नको, राहू दे. शेवटी शेवटी तोही चालताना असाच हलायचा." त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं. "दिवसभर लोकांची नावं वाचते मी पाकिटांवर. याला कधी पत्र आलं नाही. याचं नाव लिहिलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय."

त्या गेल्यावर काका कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून बसले. हात थरथरत नव्हता, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी तो खिशात घातला नाही.

मुलीच्या दवाखान्यावरची मोठी पाटी अजून छापीलच आहे. परवा तिने विषय काढला, तर काका म्हणाले, "बघू." त्या 'बघू'त पूर्वीची घाई नव्हती. त्यांना उद्या दोन सशांची नावं लिहायची होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. एखादी पेटी, एखादी वही, एखादी सुई. मोठा दिवस उगवेल तेव्हा काढू, म्हणून तिला माळ्यावर टाकू नका. तिला पुसा, हाताशी ठेवा आणि रोज थोडा वेळ का होईना, तिला हात लावा. काल राहून गेलं असेल, तर आज लावा. आम्हा वस्तूंना तुमचे बेत समजत नाहीत. आम्हाला फक्त तुमचा हात समजतो.