मिझेच्या कांग्याखाली

मी एक कॅमेरा बोलतोय. साबणाच्या वडीएवढा, पिवळा, पाण्यात चालणारा. चालणारा म्हणजे न बिघडणारा, एवढंच. हातातून सुटलो तर दगडासारखा तळाला जातो.

कारखान्याची मला फारशी आठवण नाही. पांढरे हातमोजे, हवेचा एक फवारा आणि मग खोक्यातला अंधार. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते झांजिबारच्या दक्षिण टोकाला, एका बादलीत.

वुआई जहाजावरचा खलाशी. त्यानं मला दार-ए-सलामच्या बाजारातून आपल्या बहिणीसाठी आणलं. बहीण म्हणजे मिझे. चाळिशी उलटलेली, नवरा सोडून गेलेला, मूलबाळ नाही. ओहोटीला खडकावर उतरायचं आणि काठीनं बिळं चाचपून ऑक्टोपस धरायचे, हे तिचं काम.

"ताई, बादलीत टाक त्याला," वुआई म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? एवढी महागाची वस्तू!"

"टाक तर खरं."

तिनं टाकलं. एक बुडबुडासुद्धा आला नाही. मग तिनं डोळे मिटले आणि पाण्यातच मला बोटांनी चाचपायला लागली.

"मुठीत छान बसतो," ती म्हणाली. "पण हे काय रे? चालू-बंदचं बटण आणि फोटोचं बटण शेजारी शेजारी, आणि दोन्ही सारखीच. पाण्यात माणूस चुकेल नाही तर काय?"

"कोरड्या खोलीत बसून बनवलं असेल."

"आणि हा पडदा बघ. उन्हात धरला की यात माझंच तोंड दिसतंय."

"एवढं चांगलं तोंड फुकट बघायला मिळतंय, वर तक्रार कसली करतेस?"

तिनं त्याच्या अंगावर पाणी उडवलं. माझ्या बॅटरीवरच्या दाराच्या दोन कड्या मात्र तिला आवडल्या. पहिली लावायची, मग दुसरी सरकवायची. लाल खूण झाकली गेली की आत पाणी शिरणार नाही. "हे कुणीतरी शहाण्यानं केलंय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून माझ्या फोटोच्या बटणावर चिकटवला. त्यानंतर तिचं बोट कधी चुकलं नाही.

हे सगळं नावं ठेवणं ऐकून मला राग आला नाही. इतक्या मन लावून मला कारखान्यातही कुणी चाचपलं नव्हतं.

मला का आणलं ते हळूहळू कळलं. गावाजवळच्या खडकावर ऑक्टोपस लहान लहान मिळायला लागले होते, म्हणून काही महिने तो खडक बंद ठेवायचं गावानं ठरवलं. आग्रह धरला होता मिझेनं. बायकांना मग लांबच्या खडकापर्यंत चालत जावं लागे. तिची लहानपणापासूनची मैत्रीण झुवेना, चार लेकरांची आई. ती सगळ्यांसमोर तिला म्हणाली होती, "तुला एकटीचंच पोट आहे, बाई. बंद करायला तुझं काय जातंय?" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. बाकीच्या बायकाही झुवेनाच्या बाजूने झाल्या.

आमचे दिवस असे जायचे. पाणी उतरलं की बायकांचा घोळका हसत-ओरडत किनाऱ्यानं जाई आणि मिझे दिसली की गप्प होई. ती एकटीच बंद खडकाकडे निघे, तिथं काय वाढतंय त्याचे फोटो काढायला. छातीभर पाण्यात उभी राहून मला बिळाच्या तोंडाशी धरी, माझा छोटा दिवा लागे आणि आतून एखाद्या मादीचा डोळा आमच्याकडे बघे. संध्याकाळी उकडलेला कसाव्याचा कंद खात ती फोटो बघायची. "ही बघ, किती वाढलीय," असं मलाच सांगायची. दाखवायला दुसरं कोण होतं? कधी कधी सगळे फोटो बघून झाल्यावरही ती मला बंद करत नसे. पडदा आपोआप विझे, तोवर ती नुसती बसून राही.

मुदत संपायला महिना उरला असताना गावात मासळीचा व्यापारी आला. म्हणाला, आत्ता उघडा, मी सगळं उचलतो. दुपारी वडाखाली गाव जमलं. "उघडूनच टाका," झुवेना म्हणाली. कितीतरी माना हलल्या.

"मिझे, तुला काय म्हणायचंय?" गावाचे मुखिया, म्हातारे मकामे, यांनी विचारलं.

तिनं मला पुढे केलं. मकामेंनी डोळे बारीक केले. पानांतून ऊन थेट पडद्यावर येत होतं.

"पोरी, यात तर माझी दाढी दिसतेय!"

सगळे खो-खो हसले.  मग मिझेनं खांद्यावर पांघरलेला रंगीत कापडाचा कांगा सोडला, आपल्या डोक्यावर आणि माझ्यावर तंबूसारखा धरला आणि आतूनच म्हणाली, "ज्या बाईला बघायचंय तिनं आत यावं."

कुणी हललं नाही. मग पावलं ऐकू आली.

"बघते. पण बोलणार नाही हं," झुवेनाचा आवाज आला.

कांग्याखाली अंधार होता, खोबरेल तेलाचा वास होता. माझ्यासमोर दोन गाल एकमेकांना टेकले होते. मी मला येतं तेवढं केलं, स्वच्छ दाखवलं. एक बीळ, तोंडाशी आवळून बसलेली मादी, आणि तिच्या मागं छताला लोंबणारे पांढऱ्या दाण्यांचे झुबके.

"हे काय, भात?" झुवेनानं विचारलं. बोलणार नव्हती ती.

"अंडी. ती आता काही खात नाही. नुसती पाणी फुंकत बसलीय त्यांच्यावर. पिल्लं बाहेर पडली की मरेल."

"आणि आत्ता ओढून काढली तर?"

"तर पिल्लंही गेली."



"मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत कुठे होतीस?"

पडद्यावर एक थेंब पडला. कुणाचा ते मला कळलं नाही. मला पाणी चालतं.

झुवेना बाहेर आली. "महिनाभर थांबू या," ती म्हणाली. "माझी चार पोरं आहेत, तरी मी थांबते." त्यानंतर बायका एकेक करून कांग्याखाली आल्या. व्यापारी चडफडत निघून गेला.

खडक उघडला त्या सकाळी अख्खा किनारा गजबजला होता. इतके मोठे ऑक्टोपस कित्येक वर्षांत कुणी पाहिले नव्हते. मी सगळ्या बायकांचा एक फोटो काढला. त्यात मिझे नाही, बटण तिच्याच बोटाखाली होतं.

"पुरे की आता तो डबा," झुवेना हसत ओरडली. "हात मोकळा कर, ही मला एकटीला आवरत नाहीये!"

मिझेनं मला कमरेला खोचलं आणि धावली. घरी आल्यावर तिनं मला पुसून फळीवर ठेवलं. आजही मी तिथंच आहे.

तिची चूक नाही. आता संध्याकाळी झुवेना येते, नारळाच्या रसात ऑक्टोपस शिजतो, दोघी दारात बसून सगळ्या गावाची टिंगल करतात. मिझेला आता माझ्याशी बोलायची गरज पडत नाही. मला त्याचा आनंद आहे. तरी तिचा हसण्याचा आवाज आला की वाटतं, एकदा तरी मला खाली काढून कुणी म्हणावं, ही बघ, किती वाढलीय.

बाहेर कुणीतरी हाक मारतंय, "मिझे, चल गं, पाणी उतरलं!" काठी उचलल्याचा आवाज आला, दार लागलं.

माझं एवढंच मागणं आहे. कधी ओहोटीला एखादा हात रिकामा राहिला तर मला घेऊन जा. माझ्या दाराच्या रबराला आता भेगा पडल्यात, खोल नेऊ नका. गुडघाभर पाणी पुरे.