ह्युबर्टच्या विहिरीचं पाणी

"म्हणजे नळ दिला म्हणून विहीर घेणार?" बेटीनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

ओव्हरसियर विद्याधर विहिरीच्या काठावर नकाशा धरून उभा होता. नुकताच नोकरीला लागलेला, बोलायला भिडस्त. अंधेरी मुंबईच्या म्युनिसिपालटीत गेली आणि गावठाणाकडे एकदम सगळ्यांचं लक्ष गेलं. आधी नळ, मग गटार, मग रुंद रस्ता. डासांपायी उघड्या विहिरीही बुजवायच्या होत्या. रस्त्याची खोदलेली माती टाकायला जागा हवीच होती, ही आयती सापडली.

गंमत अशी, की नळासाठी सगळ्यांत जास्त ओरडली होती ती बेटीच. हंडे वाहून वाहून तिची मान कामातून गेली होती. कचेरीचे उंबरे झिजवून, साहेबांचं डोकं खाऊन तिनं नळ आणला. त्यापायी विहीर जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिचं म्हणणं एवढंच होतं, की ईस्टरनंतर लेकीचं, बेलाचं लग्न आहे, तोवर थांबा. लग्नाच्या आदल्या दिवशी बायकांनी वाजतगाजत विहिरीवर जायचं, 'उंबराचं पाणी' म्हणून तिचं पाणी हंड्यात भरून आणायचं आणि त्यानं नवरीला न्हाऊ घालायचं; त्यावाचून गावठाणात कुणाचं लग्न लागलं नव्हतं. त्यात ही विहीर म्हणजे ह्युबर्टची. बेटीचा हा नवरा दर उन्हाळ्यात कमरेला दोर बांधून आत उतरायचा, गाळ उपसायचा आणि चिखलानं माखलेल्या तोंडानं हसत वर यायचा. तो जाऊन वर्षं लोटली, तरी पोहरा खाली सोडताना तिला ते हसू आठवायचं. बाप नाही, तर बापाच्या विहिरीचं पाणी तरी पोरीच्या अंगावर पडावं, एवढीच तिची आस होती.

विद्याधरनं साहेबांकडे शब्द टाकून पाहिला. पण मातीचे ट्रक ठरलेले होते. तसं त्यानं येऊन सांगितलं, तेव्हा बेटीनं त्याला चांगलं फैलावर घेतलं, मग चहा पाजला, आणि जाताना लग्नाचं आमंत्रणही दिलं.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी तिनं तांब्याचा हंडा काठोकाठ भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि घरातल्या क्रुसाखाली ठेवून दिला. नळाचं पाणी म्हणजे काय पाणी नाही का, असं बेला हसून म्हणाली. बेटी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नळानं दगा दिला! दुपारपासून टिपूस नाही. भरून ठेवलेली पिंपं भातात आणि भांड्यांत संपली. पाहुणे येताजाता बेटीच्या नळाची चेष्टा करत होते.

संध्याकाळी घुमटावर थाप पडू लागली. बायका लुगडी नेसून, गाणी म्हणत निघाल्या. भरलेला हंडा न्यायचा आणि भरलेलाच परत आणायचा, अशी वरात गावठाणानं कधी पाहिली नव्हती. विहीर होती तिथं तांबड्या मातीचा उंचवटा होता. बेटीनं त्यात मेणबत्ती खोवली, रिवाजाप्रमाणे दारूचे चार थेंब शिंपडले. घरी येऊन तिनं बेलाला न्हाऊ घातलं, तेव्हा मायलेकी दोघी रडल्या. बुडाशी ग्लासभर पाणी उरलं. ते सकाळी ह्युबर्टच्या कबरीवर घालायचं तिनं मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात विद्याधर दारात आला, घामानं निथळत. दुपारपासून तो मजुरांबरोबर रस्त्यावरच्या व्हॉल्व्हशी झटत होता. आता येईल पाणी, असं सांगून तो बाकावर टेकला आणि म्हणाला, "घोटभर पाणी मिळेल का, बाई?"

घरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बेटी क्षणभर हंड्याशी उभी राहिली. मग तिनं हंडा कलता केला, शेवटच्या थेंबापर्यंत ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला.

"किती गोड आहे," अर्ध्यावर थांबून तो म्हणाला. मग कोपऱ्यातल्या हंड्याकडे, भिजल्या केसांच्या बेलाकडे त्याची नजर गेली. त्याचा चेहराच उतरला. ग्लास खाली ठेवू लागला.

"पी रे पुरतं," बेटी म्हणाली. "त्या विहिरीवरनं तानेला कोनी परत गेला नाय."

त्यानं मान खाली घालून ग्लास संपवला.

थोड्या वेळानं बाहेर नळ खरखरला, पाणी आलं. घागरी घेऊन सगळे धावले. बेटी उठली नाही. तिनं पदरानं हंडा आतून कोरडा पुसला आणि क्रुसाखाली उपडा घालून ठेवला.