प्रांजलच्या नावाचं ताट

मी प्रांजलच्या नावाचं ताट बोलतोय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. केंदूरच्या या घरात मी जे जे ऐकलंय, त्यानं स्टीललासुद्धा गंज चढावा.

शिरूरच्या भांड्यांच्या दुकानातून तात्याबांनी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आबांनी, मला नातीच्या बारशाला आणलं. दुकानदारानं टर्रर्र करत मशीन फिरवलं आणि माझ्या काठावर 'चि. प्रांजल' कोरलं. तेव्हापासून माझ्यात दुसरं कुणी जेवलेलं नाही. ती बोबडी बोलायची तेव्हापासूनचा तिचा वरणभात मी सांभाळला.

अकरावीला गेल्यावर तिनं नवरात्र धरलं, तेही नुसत्या पाण्यावर. आळीतल्या बायांनी तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तात्याबा पारावर सांगत सुटले, "आमच्या नातीवानी कडक उपास साऱ्या केंदुरात कुनाला जमायचा न्हाई." मग सोमवार आले, गुरुवार आले, चतुर्थी, एकादशी. या लोकांचा उपास मला चांगला माहीत आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर रताळी. एरवीपेक्षा दुप्पट चरतात. पोर मात्र पाण्यावर, आणि एकालाही शंका येऊ नये? मी मांडणीवर कोरडा पडून होतो. असं वाटायचं, खाली उडी घ्यावी आणि एकेकाच्या पायावर आपटावं.

शंका आली ती फक्त तिच्या आईला, नीलमला. ती बोलली तर तात्याबांनी तिलाच सुनावलं. "पोर देवाचं करती, त्यात बी तुला खोट दिसती व्हय?"

पुढं प्रांजल पाबळला कॉलेजात चक्कर येऊन पडली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते रोहिदासनं, म्हणजे तिच्या बापानं, घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. हा हट्ट नाही, आजार आहे. उपास बंद. रोज कुणीतरी तिच्याबरोबर शांतपणे जेवायला बसायचं, तिच्या अंगकाठीवरून एक शब्द काढायचा नाही. आणि तिच्या आईला एकटं पाडू नका, ती खचली तर पोरीला सांभाळणार कोण? हे शेवटचं सगळ्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी रोहिदास शेवंतीचे क्रेट घेऊन मार्केटला पळाला.

बसली ती नीलमच. प्रांजल तिच्यावर ओरडायची, "तूच माझी दुश्मन हायस, मम्मी!" एकदा तर तिनं मला भिरकावलं. काठाला पोचा आला तो अजून आहे. पोरीवर मात्र मी रागावलो नाही, ती आजारी होती. धडधाकट माणसांवर रागावतो मी. नीलमनं मला धुतलं, पुन्हा वाढलं, पुन्हा समोर बसली. स्वतः मात्र भाकरीचा तुकडा मोडून हातात धरून ठेवायची. हळूहळू आईचंही ताट भरलेलंच उठायला लागलं, आणि ते घरात कुणाला दिसलं नाही.

परवाच्या एकादशीला खुटबावहून सारजाबाई आली, प्रांजलची आत्या. चपला काढायच्या आधी तिचं तोंड सुटलं. "काय गं नीलम, पोरीची काय दशा केलीस? आईनं ध्यान दिलं असतं तर ही येळ आली असती व्हय? आमी बी पोरं वाढवलीच की."

नीलमनं माझ्यात भाकरी वाढली, मेथीची भाजी आणि वाटीत वरण ठेवलं. प्रांजलनं मला पुढं ढकललं.

"आज एकादशी हाय. मी न्हाई खाणार. आबा, सांगा ना हिला."

"बरोबरच हाय," सारजाबाई म्हणाली. "एकादस मोडून पाप कशाला डोक्यावर घ्यायचं?"

नीलम जमिनीला हात टेकून उठायला लागली. "वन्सं म्हणत्यात तसंच आसंल. मला आता जमत न्हाई, आबा," एवढंच म्हणाली. ती उठली असती तर पुन्हा बसली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तिच्याशिवाय या पोरीसमोर बसणारं घरात कुणी नव्हतं.

तात्याबांच्या पुढ्यात खिचडी होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून या माणसानं एकादशी मोडलेली नाही. त्यांनी खिचडी बाजूला सारली, दुरडीतली भाकरी घेतली, भाजीला लावली आणि खाल्ली. सारजाबाईनं तोंडाला पदर लावला.

"आबा! आवं एकादस हाय!"

"ठाव हाय. हिच्या उपासाचा डंका गावभर म्याच पिटला. नीलम सांगत हुती, तर तिलाच गप केली. तवा बोलायचं आसंल तर मला बोल, सारजे. न्हाईतर जेवायला बस." मग सुनेकडं न बघता म्हणाले, "बस, पोरी. तू जेव. प्रांजलपाशी मी हाय."

एका भाकरीनं म्हाताऱ्याचं सगळं फिटलं असं मी मानत नाही. प्रांजल रडली, आबांवर चिडली. मग बऱ्याच वेळानं तिनं तुकडा वरणात बुडवला. त्यानंतर आणखी एक. मी उठलो तेव्हा अर्ध्याहून जास्त भरलेलाच होतो.

आता मी पोचा घेऊन मांडणीवर उभा आहे. उद्या मला पुन्हा वाढतील, पुन्हा रडारड होईल. तुम्ही अशा घरी जाल तेव्हा 'आईचं ध्यान नव्हतं' म्हणणारी जीभ चपलांशेजारी काढून ठेवा. तेवढं जमत नसेल तर येऊच नका. आणि आलातच, तर त्या आईलाही जेवायला वाढा.

त्या एकादशीला मोरीत माझ्या अंगावर नीलमचं ताट येऊन पडलं. ते पुसून खाल्लेलं होतं.