थाळ्यांतलं पाणी

"सहदेव, थाळ्यांतलं पाणी कुठे गेलं?" सुमती मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान न उचलता विचारलं.

"मीच ओतून टाकलं. शुक्रवारी डेंग्यूवाले चेकिंगला आलेले ना. साचलेलं पाणी दिसलं असतं तर कॉलेजला नोटीस लागली असती." सहदेवला शाबासकीची आशा होती.

डोंबिवलीच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून त्याची हयात गेली होती. टेबलावर पाण्याच्या थाळ्यांत ठेवलेल्या आघाड्याच्या तीन कुंड्या होत्या, वागळे इस्टेट, घोडबंदर रोड आणि मोहन्याहून आणलेल्या. गणपतीच्या पत्रीत आघाड्याला मान, एरवी त्याच्याकडे कोण ढुंकून बघतो? पण त्याच्या पानांवर डोळ्यांना धड न दिसणारे लाल कोळी होते. झाड तेच, कोळी तेच. तरी मोहन्याच्या कोळ्यांच्या पाठीवरचे केस लांब आणि घोडबंदरच्यांचे आखूड. असं का, याचा मॅडम नऊ वर्षं छडा लावत होत्या. मोहन्याचे कोळी सहदेवनेच आपल्या चाळीमागून आणले होते. 'आमच्या गावचे केसाळ' म्हणून तो येईल त्याला कौतुकाने दाखवी.

"ते पाणी झाडासाठी नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "कोळ्यांना पाणी ओलांडता येत नाही, म्हणून होतं. आता तिन्ही कुंड्यांतले एकमेकांत मिसळलेत. कुठला कुठचा, कसं सांगणार? केसांवरून ठरवावं, तर केसच तर मोजायचे होते. शेवटची मोजणी राहिली होती हो."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"मी उद्या परत आणतो ना मोहन्याहून..." बोलता बोलता तो थांबला. चाळीमागची जागा नव्या इमारतीसाठी दसऱ्याआधीच बुलडोझरने साफ केली होती. तिथे आघाड्याचं पानसुद्धा उरलं नव्हतं. जे काही होतं, ते या कुंडीत होतं.

"ओरडा ना मॅडम. काहीतरी बोला."

"काय बोलू? पाणी आपण कशाला ठेवतो, हे नऊ वर्षांत मीच तुम्हाला कधी सांगितलं नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मार्चमध्ये मी रिटायर होतेय, सहदेव. आता नव्याने काही होणार नाही."

पर्स उचलून त्या निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

त्याने नळावरून पाण्याचा मग भरून आणला आणि तिन्ही थाळ्या काठोकाठ भरल्या. एका कुंडीवरची 'मोहने' लिहिलेली चिठ्ठी सुटत आली होती. ती चिकटेपर्यंत तो अंगठ्याने दाबून उभा राहिला.