गाडीची पाळी

गाडीखालून सोनबाला फक्त पाय दिसत होते.

धाकट्या भावाचे. सर्जेरावाचे. टायरच्या चपला, टाचांना भेगा, भेगांत काळी माती.

"काय बघतुयास?"

सोनबा पोत्यावर उताणा पडला होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, डिफरन्सल, त्याचं वरचं बूच त्यानं खोललं होतं. भोकात करंगळी घातली होती. करंगळीच्या टोकाला तेल लागलं पाहिजे. लागलं नाही. दोन पेरं आत घातली. कोरडी.

थांबा. आधी पाळीचं सांगतो.

कोऱ्हाळ्यात ह्या दोघांची वाटणी झाली तेव्हा रान वाटलं, बैल वाटले, तांब्याभांडी वाटली. विहीर आणि बापाची भाड्यानं चालणारी जुनी अँबेसिडर वाटता येईना. पंचांनी दोन्हींची पाळी लावली. आठ दिवस थोरल्याची, आठ दिवस धाकट्याची. आता विहिरीच्या इंजिनातलं डिझेल पाळी संपली की ज्याचं तो काढून नेतो. आमच्याकडं सगळेच नेतात. गाडीतलं पेट्रोलही हे दोघं तसंच नळी लावून काढायचे. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात सर्जेरावानं पाळी संपताना डिफरन्सलचं तेलही काढून नेलं. नव्वद नंबरचं. महिन्यामागं त्यानंच बारामतीहून आणून भरलेलं. त्याचं होतं, त्यानं नेलं.

सांगितलं नाही.

सकाळी सोनबानं गाडी अंगणातून मागं घेतली. मागून कण्हल्यासारखा आवाज आला. तो लगेच खाली शिरला म्हणून, नाहीतर बारामतीपर्यंत आतले दाते जळून एक झाले असते. आणि सोनबाकडं ह्या गाडीशिवाय काय होतं? त्याच्या वाट्याचं रान कॅनॉलच्या पाण्यानं चोपण झालेलं. वर मीठ फुटायचं. तिथं गवतसुद्धा विचार करून उगवायचं.

"त्याल कुठाय?" त्यानं पायांना विचारलं.

"माझं त्याल माझ्या घरात."

"सांगायचं तरी."

"तू पेट्रोल काढतूस तवा सांगतूस का?"

"पेट्रोल न्हाय तर गाडी हालत न्हाय, सर्ज्या. ह्यात गाडी हालती आन् मरती."

"मरंना. तुझ्या पाळीत मरंल."

एवढंच बोलणं.

मग सोनबा आईवरून बोलला. दोघांची आई एकच, हे त्याला त्या वेळी सुचलं नाही. सर्जेरावानं खाली वाकून त्याचे दोन्ही पाय धरले आणि मेलेलं कुत्रं ओढावं तसा बाहेर ओढला. मुरुमानं पाठ सोलली. कपाळ बंपरला लागलं. रक्त.

एक लाथ बरगडीत. दुसरी तिथंच. तिसरीला आतून काहीतरी करकरलं.

आम्ही बघत होतो. मधे पडलो नाही. भावाभावांचं होतं.

सोनबाच्या मुठीत बूच खोलायचा पान्हा तसाच राहिला होता. पडल्या पडल्या त्यानं तो फिरवला. डोळ्यांत रक्त, नेम धरायला काही दिसत नव्हतं. पान्हा डाव्या नडगीवर बसला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला आणि सर्जेराव उभ्या जागी बसला. हाड कातडीच्या बाहेर आलं होतं. पांढरं. फारच पांढरं.

गावातल्या दोन्ही जीपा बाजाराला गेलेल्या.

सर्जेरावाची बायको कुशाबाई पळत आली. आधी तिनं सोनबाच्या, थोरल्या दिराच्या, दोन थोबाडीत दिल्या. मग घरी पळाली आणि तेलाचा डबा घेऊन आली.

"घाला, भावजी. आन् चला."

"माझं त्याल घालू नगंस," सर्जेराव खालनं ओरडला.

"गप ऱ्हावा. डब्यात ठिवून काय मढ्यावर वतू?"

सोनबा परत गाडीखाली. शेजारच्या श्रीपती आबांनी डबा उंच धरला, फवारणीच्या पंपाची रबरी नळी भोकात. पण नव्वद नंबरचं तेल काकवीसारखं. त्याला घाई कळत नाही. इकडं सर्जेराव किंचाळतोय, कुशाबाई शिव्या देतेय, आणि तिकडं तेल धागा धागा उतरतंय. कुणी म्हणालं, बास, तेवढ्यावर जाईल. सोनबा म्हणाला न्हाय. भोकाच्या काठावरून तेल बाहेर ओघळेपर्यंत त्यानं भरलं. काठ पुसला. बूच पिळून बसवलं. त्याच पान्ह्यानं.

बारामतीत डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. सर्जेराव म्हणाला, उसाच्या ट्रॉलीवरनं पडलो. डॉक्टरांनी सोनबाच्या फुटलेल्या कपाळाकडं बघितलं. हा पण पडला, सर्जेराव म्हणाला. भाऊ जेलात गेला असता तर गाडी कुणी चालवली असती? क्लच डाव्या पायाचा असतो.

पायात सळई घातली. मांडीपर्यंत प्लास्टर. गाव बसलं. पंच म्हणाले, पाय बरा होईस्तोवर सर्जेरावाच्या पाळीत गाडी सोनबानं हाकायची. ड्रायव्हर म्हणून.

पाळी आली. सर्जेरावाला गावातल्या दोघांनी उचलून पुढच्या सलग सीटवर ठेवलं. पाठ दाराला, प्लास्टरचा पाय आडवा सीटवर, टाच थेट सोनबाच्या बरगडीला. मोडलेल्या.

"पाय घी मागं."

"जागा न्हाय. आन् मालकाला शिकवू नगं. हाक."

मागं इंदापूरच्या लग्नाला निघालेल्या चार बायका. त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. पहिल्या खड्ड्याला टाच बरगडीत रुतली, तसा पायही मुळापासून हादरला. दोघांचे ओठ एकदमच आवळले. बायकांनी गप्पा सोडून पुढच्या सीटची पाठ धरली.

"लागतंय का?" सर्जेरावानं विचारलं.

"न्हाय. तुला?"

"न्हाय."

पणदऱ्याच्या अलीकडं मोरीपाशी एक खड्डा होता, बैल बसेल एवढा. दोघांनाही तो लहानपणापासून ठाऊक. सर्जेरावानं पाय काढून घेतला नाही. सोनबानं स्टिअरिंग वळवलं नाही.

मागच्या बायका किंचाळल्या. पुढून आवाज आला नाही.